कमावलेलं काळीज

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कोकराला औषध पाजलं. येळवसेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर. कोकरू हगवणीनं पार खाली बसलेलं. मी त्याचं मुंडकं गुडघ्यात धरलं, जबडा फाकवला आणि आमच्या चंद्राबाईनं बाटलीचं तोंड आत सारलं. निम्मं औषध कोकराच्या पोटात गेलं, निम्मं माझ्या धोतरावर.

"आवं, नीट धरा की! हात हायत का बाभळीचं खोड?"

"तू नीट वत. पोट कोकराचं बिघडलंय, माझं न्हाय."

"तुमाला बी पाजाय पायजे. कवाचं कुरकुरायला लागलाव."

मग तिनं पदरानं बाटली पुसली, वळचणीला खोचली आणि आंबिलाचं ताक बघायला आत गेली. एवढंच. ह्यात सांगण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण माणूस गेलं की असलंच काहीतरी हाताला चिकटून राहतं. लग्न, बाळंतपणं, दुष्काळ, सगळं लांब जातं. औषधाचा तो कडू वास मात्र अजून नाकात आहे.

आता पुन्हा येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या धाराशिवकडं दिवाळीपेक्षा हा सण मोठा. ज्वारी कमरेला लागलेली असते, हरभरा घाट्यावर येतो, शेतात कडब्याची खोप करतात, पाच दगडांना चुना फासून पूजा करतात आणि सगळं गाव घराला कुलूप लावून रानात जेवायला जातं. आदल्या दिवशी घराघरातनं आंबिलाचा वास येतो. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं. माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत, म्हणून आमची चूल गप आहे. तरी वास भिंत बघत नाही. तो आला तसा मला मागचा हंगाम आठवला. दसऱ्यापासनं येळवसेपर्यंतचा. आमच्या घरात बसून काढलेला.

धनगराच्या घरात बसणं ही गोष्ट नसते. म्हणून तो हंगाम वेगळा काढून ठेवावा असा.

सारिका माझी नात. माझा मुलगा आणि सून पुण्याकडं टेम्पोवर पोट भरतात, पोरगी लहानपणापासून आमच्यापाशी. येडशीच्या अलीकडं आमचं गाव. मागं बालाघाटाचा डोंगर, पुढं माळ, खाली सडक. पोरगी चालायला शिकली ती मेंढरामागं. मेंढरू फुटलं की ही पळायची. मी शिट्टी मारायचो, तोवर ही वळवून आणायची. शाळेतल्या सरांनी एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "आबा, हिला पळायला घाला."

मी म्हणलं, "सर, ती पळतीच की. तिला बसवायची काही युक्ती असली तर सांगा."

पुढं ती लांबच्या शर्यती पळायला लागली. जिल्हा झाला, विभाग झाला, खेळाच्या वसतिगृहात नंबर लागला. सुट्टीला घरी आली की पहाटे सडकेनं घाट चढून जायची आणि मी धार काढून उठेपर्यंत परत. अंगावर घाम, पण छाती शांत. मला हे नवल वाटायचं. मी शेळीमागं दहा ढांगा टाकल्या की भात्यासारखा वाजतो. ही डोंगर चढून येते आणि तिथंच उभी राहून आजीशी भांडते, "भाकरी एवढीच का?"

पोळ्यानंतर वसतिगृहात सगळ्या पोरापोरींची तपासणी झाली. छातीला चिमटे लावून कागदाची पट्टी काढतात ती. हिची पट्टी बघून तपासणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. नाडी फार हळू. ठोके उठतात ते मोठे. त्यांनी सोलापूरला मोठ्या डॉक्टरीणबाईकडं पाठवलं, आणि आम्हाला निरोप आला की घरचं माणूस पाहिजे.

आम्ही दोघं गेलो. चंद्राबाईला एसटी लागायची, म्हणून तिनं सगळी वाट लिंबू हुंगत काढली. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला सरळ. सारिकाच्या छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर काळीज दाखवलं. मी बघितलं. अंधारात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, घाई न करता. मला मासोळी तोंड हलवते तसं वाटलं. चंद्राबाईनं हात जोडले. तिला वाटलं असणार, हे बघायचं नसतं, देवानं झाकून ठेवलेलं.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या डोक्यानं असं समजून घेतलं. काळजाचा डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त ढकलतो. जो माणूस वर्षानुवर्षं लांब पळतो त्याचा हा कप्पा हळूहळू मोठा होतो, त्याची भिंत जाड होते. मग एका ठोक्यात तो पुष्कळ रक्त फेकतो. म्हणून बसल्या जागी त्याला थोडे ठोके पुरतात. आमच्या लहानपणी विहिरीवर मोट असायची. लहान मोट असली की बैलांच्या खेपा जास्त. मोट मोठी आणि बैल दांडगे, तर दोन खेपांत पाट भरून वाहतो, बैल मधेमधे उभे राहून रवंथ करतात. पोरीचं काळीज तसं रवंथ करत चालतं. नाडी हळू म्हणजे दुबळी नाही. सवड असलेली.

हे ऐकून माझी छाती फुगली. पण बाईंचा चेहरा हसत नव्हता.

"आजोबा, अडचण पुढे आहे," त्या म्हणाल्या. "एक आजार असतो, जन्मापासूनचा. त्यातही भिंत जाड होते. तो असला आणि मूल पळत राहिलं तर खेळता खेळता जागेवर पडतं. सारिकाची भिंत अशी मधल्या मापाची आहे की पळण्यानं झाली की आजारानं झाली, आज सांगता येत नाही."

"मग कसं कळायचं?" चंद्राबाई म्हणाली.

"पळणं बंद करायचं. अगदी बंद. पळण्यानं वाढलेली भिंत विश्रांतीनं उतरते. आजाराची उतरत नाही."

सारिका म्हणाली, "आणि नाही उतरली तर?"

"तर पळायचं नाही. कधीच नाही."

एसटीत पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली. तुळजापूर आलं तरी वळली नाही. आजीनं हातातलं लिंबू तिच्या मांडीवर ठेवलं. दुसरं देण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं.

आम्ही सांगितलेलं पाळलं. चंद्राबाईनं तर असं पाळलं की पोरगी एसटी पकडायला पाय उचलू लागली तरी ही मागून ओरडायची, "ए, पळू नगंस! गाडी गेली तर जाऊ दे!" बूट पोत्यात घालून माळ्यावर टाकले. नवस बोलली. आणि दसरा झाल्यावर आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो, तर भिंत होती तशीच.

बाईंनी पडद्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि डॉक्टरचा आवाज मऊ झाला की मला भ्या वाटतं. सारिकाची नखं माझ्या मनगटात रुतली.

"पळणं पूर्ण बंद होतं ना?"

"शप्पत," चंद्राबाई म्हणाली. "एक पाऊल पळू दिलं न्हाय."

"मग दिवसभर काय करते ही?"

"काय न्हाय. घरीच हाय."

"म्हणजे झोपून असते? टीव्ही बघते?"

"झोपून कशाला? मेंढरामागं जाती की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मेंढरामागे म्हणजे किती चालते?"

आता ह्याचं काय उत्तर देणार? सकाळी सोडतात, दिवस बुडताना आणतात. माळ, डोंगर, ओढा, परत माळ. व्यायलेल्या मेंढीची दोन कोकरं खांद्यावर घ्यायची. फुटलेलं मेंढरू वळवायचं. मी म्हणलं, "चालणं असं काही न्हाय बाई. मेंढरं चरतात, आपण मागं असतो."

"डोंगरावर?"

"मग मेंढरं काय सडकेवर चरणार?"

बाई आधी चिडल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. "अहो आजोबा, मी हिला विश्रांती सांगितली होती!"

"विश्रांतीच हाय ती," चंद्राबाई तापली. "चालणं म्हंजी काय पळणं हाय व्हय? मी जलमभर चालले. बार्शीच्या खाली भीमेकाठापतोर मेंढरं घिऊन चालले. पोटात पोर असताना चालले. मला कुणी म्हणलं न्हाय तू पळायलीस म्हणून."

खरं सांगायचं तर चूक आमची नव्हती आणि बाईंचीही नव्हती. आमच्यात मेंढरामागं जाणाऱ्याला कुणी कामावर आहे असं म्हणत नाही. कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर काय न्हाय, घरीच असतो, मेंढरं वळतो. विहीर खणणं हे काम. ऊसतोड हे काम. पाय हलणं हे श्वासासारखं, ते कोण मोजतं? बाईंच्या मुलखात विश्रांती म्हणजे गादी. आमच्या मुलखात विश्रांती म्हणजे काठीवर हनुवटी टेकून एका पायावर उभं राहणं.

बाईंनी चंद्राबाईचं मनगट धरलं, नुसतं समजूत घालायला. धरलं ते सोडेनात. घड्याळाकडं बघू लागल्या. "आजी, इकडे या जरा, झोपा इथे."

"मला काय धाड भरलीया?"

"काहीच झालेलं नाही. म्हणून तर बघते."

पट्टी काढली. पडदा लावला. ती लाजून तोंडावर पदर घेऊन पडली, आणि अंधारात तिचं काळीज उघडत मिटत राहिलं, नातीसारखंच, घाई न करता. बाई पडद्याकडं बघत म्हणाल्या, "आजी, ह्या वयात असं हृदय मी फार कमी बघितलंय. भिंती मऊ आहेत, झडपा छान आहेत, ठोका कसा भरदार. तुम्ही कुठल्या शर्यतीत धावला असतात तर..."

पदराखालून आवाज आला, "मेंढरं कुणी बघितली असती मग?"

मी तिच्याशी इतकी वर्षं संसार केला. तिचं काळीज मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माणसाला बायकोचे हात माहीत असतात, पायाच्या भेगा माहीत असतात, तोंड तर फारच माहीत असतं. आत ती एवढी मोठी मोट एकसारखी ओढत होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरून चढायची, पावसात रात्रभर कोकरं पोटाशी धरून बसायची, पाठीवर संसार, कडेवर पोर, पुढं शेदीडशे तोंडं. मी म्हणायचो, बाईमाणूस चिवट. चिवट म्हणजे काय ते पडद्यावर दिसलं. रोजच्या एकेका पावलानं विणत नेलेली भिंत होती ती.

घरी आल्यावर खरा हंगाम सुरू झाला. बसायचा.

मेंढरं मी घेतली. पोरीला अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून दिली आणि तिच्यावर पहाऱ्याला आजी. दोघींना बसता येत नव्हतं. सारिकाचे पाय झोपेतसुद्धा हलायचे, कुत्र्याचे हलतात तसे. आजी घटकेत उठायची, शेण भरायची, बसायची, परत उठायची. पोरगी म्हणायची, "मला बस म्हणतीस आणि तू बघ की, भिंगरीवानी!" मग आजी हट्टानं बसायची, टकळीवर लोकर कातत. सारिकालाही शिकवलं. पोरीचा धागा जाड निघायचा, जागोजागी गाठी.

"ह्या धाग्याचं घोंगडं केलं तर गाढव बी घ्यायचं न्हाय अंगावर."

"मग तूच घे."

दसऱ्यानंतर आमच्याकडं ऊन सोन्यासारखं होतं. ज्वारी पेरली जाते, करडई उगवते, माळावरचं गवत पिकून भगवं पडतं आणि पहाटे त्याच्यावर दव बसतं. वारा डोंगरावरून खाली येतो, त्याला सीताफळाच्या पानांचा वास असतो. पळणाऱ्याला ह्याहून चांगले दिवस देव देत नाही. सडकेवर भरतीची तयारी करणारी पोरं पळायची. त्यांच्या पायांचा आवाज अंगणात यायचा. सारिका कान झाकून घ्यायची. मी एकदा बघितलं, ती डोळे मिटून त्या आवाजावर बोटं आपटत होती. बाजेच्या लाकडावर. तिच्या बोटांची गती त्या पोरांपेक्षा जास्त होती.

एका पहाटे ती उठली, पोत्यातले बूट काढले, नाड्या बांधल्या. मी वाड्यापाशी मेंढरं मोजत होतो. दारात आजी. खाली वाकली आणि उंबऱ्यावर आडवी बसली, पाय लांब करून, ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

"आज्जे, बाजूला सरक."

"मला वलांडून जा."

थोरल्या माणसाला ओलांडायचं नसतं. आमच्यात पोरं झोपलेल्या म्हाताऱ्याला वळसा घालून जातात. ओलांडलं तर त्याचं आयुष्य खुंटतं म्हणतात. सारिका आत उभी. बुटाची टाच जमिनीवर घासत होती.

"माझं काळीज बारीक व्हायलंय आज्जे. मला कळतंय. मी कमावलं होतं ते. घाट चढून चढून कमावलं होतं."

"मला म्हाईत हाय."

"तुला काय म्हाईत!"

"तुज्यापेक्षा जास्त म्हाईत हाय. बाईनी माझं बी बघितलंय."

पोरगी आतल्या बाजूला खाली बसली. मधी उंबरा. दोघी तशाच बसून राहिल्या. मी मेंढरं सोडून माळाला लागलो, तेव्हा मागं वळून बघितलं तर सारिकाचं डोकं आजीच्या पाठीला टेकलेलं.

त्या दिवशी मेंढरामागं मी हाच विचार केला. कसली ही परीक्षा. कमावलेलं घालवून दाखवायचं, तेव्हा सिद्ध होणार की ते कमावलेलंच होतं. आणि जे जाणार नाही, ते आपलं नव्हे, आजाराचं. पोरीनं देवाला काय मागावं? माझं मोठं काळीज लहान कर, असं? चंद्राबाईनं संध्याकाळी भाकरी थापता थापता हेच विचारलं, "आवं, हे कसलं शास्तर? गेलं म्हंजी हुतं, ऱ्हायलं म्हंजी न्हवतं?"

मी तिला बैलाचा खांदा सांगितला. नांगराच्या दिवसांत जू घासून बैलाचा खांदा निबर होतो, हाताला दगड लागतो. उन्हाळ्यात बैल बसून असला की तोच खांदा मऊ पडतो. पाऊस झाल्यावर परत जू ठेवलं की परत निबर. पण खांद्याला गाठ आली तर ती उन्हाळ्यात जात नाही. बसवल्याशिवाय कळत नाही, घट्टा की गाठ.

तिनं परातीत पीठ ओढलं. म्हणाली, "मग बसू द्या. खांदा हाय आपल्या पोरीचा. गाठ न्हाय."

तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. ती रोज दुपारी पोरीच्या छातीवर कान ठेवायची, एवढं मी बघत होतो. सारिकाला गुदगुल्या व्हायच्या. "गप," आजी म्हणायची, "ऐकू दे." आधी ठोका लांब लांब पडायचा म्हणे. मग महिना सरला तशी नाडी जवळ जवळ पडायला लागली. आजी ऐकून आली की तोंड आनंदाचं आणि दुःखाचं मिळून व्हायचं. मोट लहान होत होती. चांगलं होतं आणि वाईट होतं.

माणसाच्या शरीराचं मला त्या हंगामात फार कौतुक वाटलं. आपण त्याला मातीचं म्हणतो. पण माती आपणहून बदलत नाही. हे शरीर आत बसून बघत असतं, धनी आज किती चालला, किती चढला, उद्या किती लागणार. लागेल तेवढी भिंत घालतं. लागत नाही तेवढी उतरवून ठेवतं. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही. असा चाकर मी माझ्या आयुष्यात दुसरा बघितला नाही.

येळवसेला तीन-चार दिवस असताना आम्ही सोलापूरला गेलो. ह्या वेळी कुणी लिंबू हुंगलं नाही. चंद्राबाई एसटीत ताठ बसली, जणू ताठ बसल्यानं काही होणार होतं. बाईंनी यंत्र फिरवलं. माप घेतलं. परत घेतलं. मग जुनी चित्रं काढून शेजारी लावली. खोलीत पंख्याचा आवाज. सारिका छताकडं बघत पडली होती, तिच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं.

"उतरली," बाई म्हणाल्या. "भिंत छान उतरली. बाकीच्या तपासण्याही चांगल्या आहेत. सारिका, हा आजार नाही. हे तुझ्या पळण्यानं झालेलं हृदय आहे."

"मग मी..."

"पळ. पण हळूहळू चढव. घोडा लगेच चौखूर नाही सोडायचा. आणि तपासणीला येत राहायचं."

पोरीनं बाईंचे पाय धरले. चंद्राबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मी बाहेर आलो तर ती बाकड्यावर बसून शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "आमच्या पोरीचं काळीज लई मोठं हाय. आता जरा बारीक केलंय, परत मोठं करायचंय." त्या बाईला काय कळलं असेल देव जाणे.

सारिकाला दुसऱ्याच पहाटे पळायचं होतं. आजी म्हणाली, "अमावस्या तोंडावर हाय. एवढं बसलीस, आनखी चार दिस बस. येळवस होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मी स्वता उठवते तुला."

पोरगी कुरकुरली, पण आजीला ओलांडायची गोष्ट तिच्या रक्तातच नव्हती.

येळवसेच्या सकाळी चंद्राबाईनं आंबिलाचं मडकं चुलीवरून उतरवलं, शेतात न्यायची भाजी-भाकरी टोपल्यात बांधली आणि अंगणात येऊन म्हणाली, "डोकं दुखायलंय." तिनं डोकं दुखतं असं म्हणलेलं मला आठवत नाही. लिंबाच्या बुडाशी बसली आणि कलली. शेजाऱ्याच्या गाडीतनं धाराशिवला नेलं. सगळी सडक बैलगाड्या, मोटरसायकली, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, सण रानाकडं चाललेला आणि आम्ही उलट्या वाटेनं.

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, मेंदूत रक्त उतरलंय. हातात काही नाही. मग पडद्याकडं बघून म्हणाला, "हृदय मात्र जबरदस्त आहे आजींचं."

मी म्हणलं, "म्हाईत हाय."

दुपारपर्यंत ते चालत राहिलं. बाकी सगळं मिटलं होतं. डोळे मिटले, हात गार पडले, श्वास मशीनचा झाला, पण पडद्यावरची रेघ उंच उठायची, खाली यायची, परत उठायची. सारिका तिचं मनगट धरून बसली. मला वाटलं, ही अजून मेंढरामागं आहे. शेवटचं मेंढरू वाड्यात आल्याशिवाय ही काही थांबायची नाही. मग ती रेघ लहान झाली. मग नुसती लांब झाली.

पुण्याहून मुलगा-सून पोचली आणि दिवस बुडायच्या आत अग्नी दिला. गाव रानातनं परत आलं ते आमच्या दारात. सणाचं जेवण पोटात आणि डोळ्याला पदर, अशा बाया बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. सारिका भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणलं, "ऊठ. पळायला जा."

"आबा, आज?"

"तिनं आजचा दिवस दिला होता. तिनं उठवायचं होतं, मी उठवतोय."

अंगणातल्या बाया उठून बसल्या. थोरली भावजय म्हणाली, "भावजी, येडं लागलं का? सुतक हाय. राख अजून गरम हाय. लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं काळीज तपासून आणलं न्हाय म्या. हिचं आणलंय."

"दहा दिवसांनी पळू दे की!"

"लई बसली ती. बसवणारीच गेली. आता तिला कुणी बसवायचं न्हाय."

सारिका उठली. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. तरी पोरीनं पाय उचलायला वेळ लावला. मग बाहेर आली. मी काठी घेतली आणि तिच्यामागं सडकेपर्यंत गेलो.

थंडी होती. ज्वारीवर धुकं होतं. तिनं आधी चालायला सुरुवात केली, मग चालणं वाढवलं, मग कुठल्या पावलापासून पळणं झालं ते मला दिसलंच नाही. हळू पळत होती, सांगितलं तसं; आधी खालच्या अंगाला गेली आणि वळून माझ्याकडं, घाटाच्या दिशेनं यायला लागली. मी थांबलो होतो त्या घाटाच्या वळणावर सडक अरुंद आहे आणि तिथनं दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर खाली येत होता, गाणी लावून, सगळी वाट अडवून. मी सडकेच्या मधी जाऊन उभा राहिलो. काठी आडवी धरली.

ब्रेक करकरले. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "ओ म्हातारं! मरायचंय का?"

"न्हाय," मी म्हणलं. "थांब जरा. माझी नात पळायलीया."

त्यानं तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. हात पुढं करून गाणं बंद केलं. मग तिच्या पायांचा आवाज तेवढा राहिला. ती माझ्या बाजूनं गेली, वळण घेतलं, चढाला लागली.

ती दिसेनाशी झाली तसा मी काठी खाली घेतली आणि त्याला म्हणलं, "हं, जा आता."